डावी, उजवी, थांबले: मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

२४ जून, सोमवार

गेल्या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेतला आमचा शेवटचा सामना एका पालकांनी मोबाइलवर टिपला होता. तो मागून घेतला आणि काल दुपारी दोनदा पाहिला. पहिल्यांदा आवाज बंद करून, दुसऱ्यांदा आवाज लावून. दुसऱ्यांदा पाहताना पोटात कालवाकालव झाली. पूर्ण सामन्यात आमच्या बाजूनं एकच आवाज ऐकू येतो, तो माझा. कोर्टवरच्या पाच जणी मुक्या. समोरच्या संघाच्या निम्म्याअधिक बास्केट अशा आहेत की आमच्या दोघी एकाच मुलीकडे धावल्यात आणि दुसरी रिंगखाली मोकळी उभी आहे. पळण्यात, उंचीत, दमात आम्ही इतक्या कमी नव्हतो. कोणी कोणाला काही सांगतच नव्हतं.

म्हणून यंदा एकच काम ठरवलंय: १७ वर्षांखालच्या संघाला डिफेन्समध्ये बोलायला शिकवायचं. जिल्हा स्पर्धेपर्यंत नवे आक्रमणाचे डाव शिकवणार नाही. सराव सकाळी साडेसहा ते आठ, आठवड्यातून पाच दिवस, मुली १२, आठवी ते दहावीच्या.

वहीत नावं लिहिणार नाही, जर्सीचे नंबर लिहीन. आमचा जर्सीचा संच जुना आहे, ४ ते १५ नंबरांचा. पूर्वी आंतरराष्ट्रीय नियमच तसा होता, कारण एक, दोन, तीन ही बोटं पंच गुणांसाठी दाखवतात आणि गोंधळ नको. आता मोकळीक आहे, पण संच चांगला टिकलाय.

२७ जून, गुरुवार

वाईत पाऊस लागला. सिमेंटच्या कोर्टवर हिरवा थर धरायला सुरुवात. काल ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासलं, तरी कोपऱ्यात ८ नंबरचा पाय सरकला. धोका नको म्हणून सराव प्रार्थनेच्या हॉलमध्ये. हॉलचं छत बुटकं, रिंग नाहीच. ३.०५ मीटरवरच्या रिंगवर बॉल टाकायला वर केवढी मोकळी जागा लागते, ते इथे कळतं. शूटिंग बंद.

सुरुवातीला वाईट वाटलं. मग वाटलं की बरंच झालं. शूटिंग समोर असलं की पोरींचं लक्ष बॉल सोडून कुठे जात नाही. जमिनीवर खडूनं तीन सेकंदांचा भाग आखला (रिंगखालचा, जिथे आक्रमण करणारीला तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही), चौघी बाहेर, चौघी आत. बाहेरच्यांनी फक्त पास फिरवायचा, आतल्यांनी पासागणिक जागा बदलायची. जिच्या मुलीकडे बॉल आहे ती अंगावर, शेजारची एक पाऊल मागे, लांबच्या बाजूची थेट रिंगच्या रेषेत मदतीला. जुना, साधा, जगभर चालणारा सराव. फक्त एक अट वाढवली: हलण्याआधी बोलायचं.

दहा मिनिटं कोणी बोललं नाही. मग ७ नंबर बोलली, "मॅडम, बोलू काय?" हा प्रश्न मी विसरणार नाही. काय बोलायचं ते मी कधी शिकवलंच नव्हतं. नुसतं "बोला गं, बोला" म्हणत चार वर्षं काढली.

१ जुलै, सोमवार

अडचण कुठे आहे ते आज सापडलं, आणि ती बास्केटबॉलमधली नाहीच.

१३ नंबर आठवीत आहे, संघात सगळ्यांत उंच, म्हणून सेंटर, रिंगपाशी खेळणारी. १० नंबर दहावीत, कॅप्टन, बॉल घेऊन येणाऱ्या मुलीला अडवणारी. सामन्यात १० नंबरला अडवायला समोरची उंच मुलगी येऊन स्क्रीन लावणार, म्हणजे तिच्या वाटेत भिंतीसारखी उभी राहणार, आणि ती येताना दिसणार फक्त मागे उभ्या असलेल्या १३ नंबरला. १० ची पाठ तिकडे असते. म्हणजे ओरडून सांगायचं आठवीतल्या पोरीनं, आणि ऐकायचं दहावीतल्या ताईनं.

१३ काय म्हणाली? "ताई, तुमच्या डावीकडनं येतीय बघा ती." एवढं म्हणेपर्यंत १० स्क्रीनवर आपटून थांबली होती आणि बॉलवाली रिंगखाली पोचली होती.

तिला ओरडता येत नाही असं नाही. मधल्या सुट्टीत तिचा आवाज गणपती आळीपर्यंत जातो. पण ताईला एका शब्दात हुकूम सोडायचा, तोही "तुमच्या" न म्हणता, हे तिच्या घरात बसत नाही. माझ्याही घरात बसलं नसतं. मी १० ला बाजूला घेऊन विचारलं, "तिनं तुला अगं-तुगं केलं तर चालेल?" ती म्हणाली, "कोर्टवर चालेल. बाहेर नको." मला हे उत्तर फार आवडलं. सगळ्यांना एकत्र बसवून ठरवलं: कोर्टची रेष ओलांडून आत आलं की ताई नाही, तुम्ही नाही, नाव नाही. फक्त शब्द. रेषेबाहेर पाऊल पडलं की सगळं पूर्ववत.

३ जुलै, बुधवार

शब्द पोरींनीच निवडले. मी फक्त दोन अटी घातल्या: तीन अक्षरांच्या वर जायचं नाही, आणि एका शब्दाचा एकच अर्थ.

"माझी" म्हणजे बॉलवाली मी धरली. "डावी", "उजवी" म्हणजे त्या बाजूनं स्क्रीन येतेय. "बदल" म्हणजे तू माझी घे, मी तुझी घेते. "आले" म्हणजे मदतीला येतेय. "थांबले" म्हणजे मी रिंगपाशी मागे उभी आहे, तू बिनधास्त वरून जा. "शॉट" तसाच ठेवला, बॉल हातातून सुटला की सगळ्यांनी ओरडायचं आणि वळून आपल्या वाट्याच्या मुलीला पाठीनं अडवून धरायचं.

वाद झाला तो "डावी" वर. कोणाची डावी? ४ नंबरनं हा प्रश्न काढला आणि सगळ्या गप्प. मग हॉलमध्ये उभं राहून पाहिलं. बॉलवालीला अडवणारी रिंगकडे पाठ करून उभी असते, आणि मागून सांगणारी सेंटरही रिंगकडेच पाठ करून. दोघींची तोंडं एकाच दिशेला, म्हणजे दोघींची डावी एकच. सांगणारीनं आपली डावी सांगितली की ऐकणारीची तीच. शंका मिटली.

९ जुलै, मंगळवार

आधी "बदल" ऐवजी "स्विच" ठेवायचं म्हणत होत्या, टीव्हीवर तेच ऐकलेलं. आज सायकलींच्या पत्र्याच्या शेडखाली चाचणी घेतली. वर धो धो पाऊस. ६ नंबर एका टोकाला पाठ करून उभी, बाकीच्या कोर्टच्या लांबीइतक्या, म्हणजे २८ मीटर अंतरावर. एकेकीनं एकेक शब्द ओरडायचा, ६ नं ऐकू आला तो सांगायचा. "स्विच" पाचपैकी तीनदा गेलाच नाही. पत्र्यावरचा पाऊस मुळात सळसळतो, त्यात "स" आणि "च" विरून जातात. "बदल" प्रत्येक वेळी पोचला. "डावी" मधला लांब "डा" तर शेडबाहेरही ऐकू आला असता. स्पर्धेत पाऊस नसेल, पण बाकावरची पोरं आणि पालक असतील, ते पावसाहून कमी नाहीत.

१२ जुलै, शुक्रवार

आज माझी पाळी होती. माझी एक जुनी खेळाडू, आता कॉलेजात आहे, तिला वही-पेन देऊन बाकावर बसवलं. पोरींचं नाही, माझं बोलणं मोजायला. कल्पना माझी नाही. १९७४-७५ च्या हंगामात अमेरिकेत दोन मानसशास्त्रज्ञांनी यूसीएलए या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक जॉन वूडन यांचे सराव बसून पाहिले आणि त्यांची प्रत्येक सूचना, प्रत्येक शेरा नोंदवला. २,३२६ नोंदी झाल्या. त्यांतल्या अर्ध्या निव्वळ सूचना होत्या: काय करायचं, कसं करायचं. कौतुक जेमतेम ७ टक्के, नाराजीही साधारण तेवढीच. बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवणारा माणूस, आणि बहुतेक वेळ छोट्या, नेमक्या वाक्यांत फक्त शिकवत होता.

माझ्या दीड तासात २१८ वेळा तोंड उघडलं गेलं. त्यांतली ९७ वेळा नुसता आवाज: "चला चला", "अगं!", "काय हे!", "पळ की!" नेमकी सूचना ६४. वहीतला तो रकाना पाहून मान खाली गेली. पोरी शांत का, याचं अर्धं उत्तर तिथे होतं. मी सगळी जागा भरून टाकली होती. आता बोलणं असं: थांबवायचं, एक वाक्य सांगायचं, एकदा करून दाखवायचं, सोडून द्यायचं. "चला चला" बंद.

१९ जुलै, शुक्रवार

पाऊस थोडा उघडला, कोर्ट घासून बाहेर सराव. पाच-पाचच्या खेळात १० नंबर सलग दोनदा स्क्रीनवर आपटली. मी शिट्टी मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "कॅप्टन म्हणवतेस ना? ऐकायचं नसेल तर कॅप्टन कशाला व्हायचं?"

ती काही बोलली नाही. पुढची वीस मिनिटं नीट खेळली, पण तोंड मिटून. तिचं पाहून बाकीच्याही मिटल्या. तीन आठवड्यांचं काम एका वाक्यात घालवलं असं सराव संपताना वाटलं. कारण तेव्हा कळलं नव्हतं.

२३ जुलै, मंगळवार

१३ नंबर सराव सुरू व्हायच्या आधीच आली. डोळे भरलेले. म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी मीच चुकीचं ओरडले. डावी होती तर उजवी म्हटलं. दोन्ही वेळेला. ताई बोलली नाही."

१० नं ऐकलं होतं, बरोबर ऐकलं होतं, सांगितलेल्या बाजूला वळली होती आणि म्हणूनच आपटली होती. माझं बोलणं तिनं अंगावर घेतलं, कारण खरं सांगितलं असतं तर आठवीतली पोर पुन्हा कधी ओरडली नसती. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

तासाभरानं सगळ्यांना अर्धवर्तुळात बसवलं. मी उभी न राहता खाली बसले आणि १० ची माफी मागितली. कशाबद्दल ते स्पष्ट सांगितलं: न विचारता दोष दिला, आणि सगळ्यांसमोर दिला. १३ चं नाव घेतलं नाही. पण तीच हात वर करून म्हणाली, "मी चुकले होते." ७ म्हणाली, "मी पण चुकते, मला तर डावा-उजवा अजून जेवणाच्या हातावरनं आठवावा लागतो." हशा पिकला. १० पहिल्यांदा बोलली: "चुकीचं ओरडलं तरी चालेल. गप्प बसू नका. चुकीचं असलं तर मी बघून घेईन."

मी चार वर्षं जे सांगायचा प्रयत्न केला ते तिनं तीन वाक्यांत सांगितलं. त्यांतलं शेवटचं वाक्य मला सुचलंच नसतं.

२५ आणि २६ जुलै

पाऊस. सराव नाही.

२ ऑगस्ट, शुक्रवार

अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिना विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला १९६१ ते १९९७ अशी ३६ वर्षं शिकवणाऱ्या डीन स्मिथ यांच्या दोन सवयी आजपासून आमच्या. पहिली: बास्केट झाली की करणारीनं पास देणारीकडे बोट दाखवायचं. पोरींना हे फारच आवडलं, आता पाण्याची बाटली दिली तरी बोट दाखवतात.

दुसरी जास्त महत्त्वाची. खेळाडू दमली की तिनं मूठ वर करायची, प्रशिक्षकानं काही न विचारता बाहेर घ्यायचं, आणि दम आला की परत आत यायचं तिनंच सांगायचं. मुलींच्या संघात या मुठीला आणखी एक अर्थ आहे. पाळीच्या दिवसांत पोटात दुखत असलं तर कोणी सांगत नाही, कुढत पळतात, मग मी ओरडते. आज मी सरळच म्हणाले, मूठ वर आली की कारण विचारणार नाही, ना मैदानात, ना नंतर, ना घरी कळवणार. ११ नंबरनं त्याच सरावात मूठ वर केली. तीन मिनिटांनी परत आली.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

आज डावपेचाचा मोठा निर्णय. जिल्ह्यात गेल्या वर्षी ज्या संघानं हरवलं त्यांची सेंटर आमच्या १३ हून वीतभर उंच. शाळेच्या स्पर्धांत अशा वेळी सगळे २-३ झोन लावतात, दोघी पुढे, तिघी रिंगखाली दाटी करून उभ्या. हरायची भीती कमी होते. पण झोनमध्ये पोरी जागा राखायला शिकतात, माणूस राखायला नाही, असं माझं मत आहे. या वयात मी माणसामागे माणूसच शिकवणार.

मग त्या सेंटरच्या स्क्रीनचं काय? बदल केला तर १० च्या वाट्याला ती उंच मुलगी येते, म्हणजे सरळ दोन गुण. म्हणून सेंटरच्या स्क्रीनवर बदल नाही. १३ नं वर यायचंच नाही, "थांबले" म्हणून रिंगच्या पुढे दोन पावलं उभं राहायचं. तीन सेकंदांचा नियम आक्रमण करणारीला आहे. आंतरराष्ट्रीय नियमात डिफेन्सवालीला तो नाही, ती हवी तेवढी उभी राहू शकते. १० स्क्रीनच्या वरून वळसा घेऊन मागे लागणार. मधल्या अंतरावरून समोरची शॉट मारू शकते, तो आपण देतोय. आमच्या गटात तो शॉट रोज पडत नाही. बाकीच्या चौघींत मात्र आपसात बदल, कारण उंची सारखीच.

हे पाटीवर काढून दाखवलं नाही. दोन उशीरवाल्या पोरींना खुर्च्या धरून उभं केलं आणि प्रत्येकीला पाचही जागांवर फिरवलं. १५ नंबरला पहिल्यांदा सेंटरच्या जागी उभं राहिल्यावर कळलं की तिथून केवढं दिसतं. "मॅडम, इथनं सगळं दिसतंय, मग १३ बोलत का न्हाई?" १३ म्हणाली, "आता बोलते."

२ सप्टेंबर, सोमवार

टाइम आउटचा सराव. खेळाच्या मध्ये शिट्टी, घड्याळ लावून ६० सेकंद. पूर्वार्धात दोन आणि उत्तरार्धात तीन एवढेच मिळतात, आणि प्रत्येक वेळी मी साठच्या साठ सेकंद बोलत असे. आता पहिली वीस सेकंदं पोरी आपसात बोलतात, मी दोन पावलं लांब उभी. मग मी एकच गोष्ट सांगते. शेवटी १० विचारते, "काय करायचंय?" आणि एकीनं ती परत म्हणून दाखवायची. पहिल्या दिवशी म्हणून दाखवता आली नाही. दोष माझ्या वाक्याचा होता, त्यात तीन गोष्टी होत्या.

पंचांशी कोणी बोलायचं हेही ठरवलं. शंका विचारायची तर फक्त कॅप्टननं, खेळ थांबलेला असताना, शांतपणे. मी बाकावरून हातवारे करणार नाही.

७ ते १२ सप्टेंबर

गणपती, गौरी. सराव नाही. पोरींनी दोरीच्या उड्या आणि भिंतीवर पास एवढं घरी करायचं. ढोलपथकात तिघी आहेत, त्यांना उड्यांची सूट.

१८ सप्टेंबर, बुधवार

स्पर्धेआधीचा शेवटचा मोठा सराव. माझ्या जुन्या खेळाडूनं दहा मिनिटं मोजली. जिथे शब्द यायला हवा होता अशा ४३ जागा, त्यांतल्या ३४ ठिकाणी आला, आणि वेळेवर. जूनअखेरीला हेच मोजलं तेव्हा ४० पैकी ९.

पुण्याची शिरीन लिमये भारताच्या संघाची कर्णधार झाली हे यांतल्या बऱ्याच जणींना माहीत नव्हतं. आज सांगितलं. १३ नं विचारलं, "त्या कोर्टवर ओरडतात का?" मी म्हणाले, पुढच्या वेळी सामना लागला की आवाज मोठा करून बघ.

२३ सप्टेंबर, सोमवार, सातारा

जिल्हास्तर. पहिला सामना सहज. दुपारी उपांत्य फेरी, समोर तोच गेल्या वर्षीचा संघ.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये ६ गुणांनी मागे. १३ ला तीन फाउल झाल्यावर ती पुन्हा दबली, आवाज बंद. १० तिच्याजवळ गेली, काहीतरी बोलली. काय ते मी विचारलं नाही. पुढच्याच खेपेला "डावी!" असा आवाज आला की टेबलावरच्या गुणलेखकांनी मान वर केली.

शेवटचं मिनिट, ३८-३७, आम्ही एकानं पुढे. ५ नंबरचा पाचवा फाउल, ती बाहेर, तिच्या जागी ७. क्वार्टरमधले सांघिक फाउलही पाच झालेले, म्हणजे त्यांना दोन फ्री थ्रो. मी टेबलाकडे टाइम आउट मागितला. मागितला आणि वळून पाहिलं तर पाचही जणी रिंगसमोर गोल करून, खांद्यावर हात टाकून उभ्या. ७ बोटं मोडत एकेकीला काही सांगत होती, १० मान हलवत होती. टेबलावरून खूण जायच्या आत मी मागणी मागे घेतली. मला जे सांगायचं होतं ते त्या एकमेकींना सांगत होत्या. आणखी काही सुचतही नव्हतं.

एक थ्रो गेला, एक चुकला. ३८-३८. आमची खेप, १० नं ७ ला पास दिला, ७ चा लेअप, ४०-३८. मागे पळता पळता तिनं बोट दाखवलं. शेवटची बारा सेकंदं त्यांची. बॉलवाली, सेंटरची स्क्रीन, सगळं जसं हॉलमध्ये खुर्च्यांवर होतं तसं. "डावी! डावी! थांबले!" १० वरून वळसा घेऊन गेली, १३ जागची हलली नाही, शॉट घाईत, रिंगच्या कडेला लागला. पाच जणींनी एकदम "शॉट!" म्हटलं ते मला अजून ऐकू येतंय. परत आलेला बॉल, म्हणजे रिबाउंड, ४ चा.

२४ सप्टेंबर, मंगळवार

अंतिम सामना हरलो, १४ गुणांनी. त्यांनी पहिल्या मिनिटापासून पूर्ण कोर्टवर प्रेस लावला, म्हणजे बॉल आमच्याच टोकाला असतानाच अंगावर येऊन अडवला, आणि दोघींच्या कचाट्यातून पास कसा काढायचा हे आम्ही यंदा केलंच नव्हतं. आठ सेकंदांत बॉल अर्ध्या रेषेपुढे गेला नाही असं चारदा झालं. डिफेन्समध्ये शेवटपर्यंत बोलत होत्या. आक्रमणात पुन्हा मुक्या, कारण त्याचे शब्दच आमच्याकडे नाहीत. जूनमध्ये आक्रमण बाजूला ठेवलं तो निर्णय माझा होता, त्याची किंमत आज दिसली.

बसमध्ये १० माझ्या शेजारी येऊन बसली. तिचं हे शेवटचं वर्ष. म्हणाली, "मॅडम, प्रेसला पण शब्द पाहिजेत. 'मागे' आणि 'मध्ये' एवढे दोन तरी." मी वही तिच्या हातात दिली, तिनं स्वतःच लिहिले. मागच्या सीटवर १३ "ताई, तुम्ही चिवडा घेणार का?" विचारत होती.

२८ सप्टेंबर, शनिवार

सोमवारी कोर्ट घासायचं. ब्लीचिंग पावडर संपलीय, आणायची. ६ नंबर मापाचे दोन बॉल सिमेंटवर झिजून गुळगुळीत झालेत, ते पासच्या सरावाला. चौघी प्रेस लावणार, तिघी बाहेर काढणार, शब्द दोनच. १० येणार नाही, दहावीचा क्लास आहे. शनिवारी अर्धा तास येईन म्हणालीय, १३ ला स्क्रीनवर ओरडायला शिकवलं तसं आता नव्या सहा जणींना कोण शिकवणार ते बघायला.